आळीचं नाव

मंगळवार, १२ मार्च १९७४. चिंचवड.

आज नकाशावाला साहेब आला. "आजी, ह्या आळीला काय म्हणतात?" मला विचारलं, मला! हरखून चहा केला, वर लाडू दिला. पण नाव काही तोंडातून निघेना. शेजारच्या सरूच्या मालकांनी इथं एकट्यानं फरशी घातली. ते गेले, नाव आळीला राहिलं. आणि आमच्या मालकांचं नावही तेच! नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? म्हटलं, "लिहा, देवळामागची आळी." त्यानं शाईनं लिहिलं.

संध्याकाळी सरू म्हणाली, "आक्का, आमच्या मालकांचंच नाव सांगितलंस न्हवं?"

मी "व्हय" म्हणाले. खोटं! त्याच फरशीवरून मान खाली घालून घरी आले.

नातीनं अक्षरं शिकवली ती कशाला? उद्या साहेबाला चिठ्ठीच देते. किसनची आळी. लिहिलं बाई.