चिंचोळीची लस

१२ मे १९७८, शुक्र.
सकाळी सात जनावरं. एक शेळी अडलेली, दोन्ही करडं जिवंत निघाली. दुपारी पुण्याहून परिपत्रक. प्राण्यांच्या छळाचा कायदा दिल्लीत दुरुस्त व्हायचाय, खासदारांची समिती बसलीय, तिला आम्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांची मतं हवीत. पंधरा प्रश्न, सगळे इंग्रजीत. नववा थेट माझा. आजारी जनावराला तापल्या सळईने डाग देणं हा गुन्हा ठरवावा का? पाहण्यातलं एक उदाहरण नाव-गावासह द्यावं.
बावीस वर्षं त्या डागांवर मलम लावतोय. आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.

१६ मे, मंगळ.
उत्तरं टपालात टाकली. नवव्याला दीड पान. गुन्हा ठरवावा, नुसता दंड नको, कैद हवी. उदाहरण: बसप्पा, मु. चिंचोळी, अक्कलकोट रस्ता. गावात डाग देतो तोच. गेल्या साली म्हशीच्या फुगलेल्या पोटावर त्याने फुली ओढली, जखमेत अळ्या झाल्या, मग माझ्याकडे आणली. वाचली नाही. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही.
हिला वाचून दाखवलं. म्हणाली, सगळं बरोबर, पण त्याचं नाव कशाला? म्हटलं, मागितलंय म्हणून.

९ जून, शुक्र.
चिंचोळी. मी आणि आमचा ड्रेसर गफूर, बर्फाच्या पेटीत घटसर्पाची लस; हा रोग पावसात पसरतो, गळा सुजून जनावर दिवसात जातं. पावसाआधी टोचली तर पंधरवड्यात अंगात मुरते. एकानेही बैल आणला नाही. कारहुणवी, इकडचा बैल पळवायचा सण, अकरा दिवसांवर आली. टोचलं की मानेला गाठ येते, गाठ आलेला बैल सणाला पळत नाही. मागच्या साली दोघांच्या बैलांना आली होती. तेव्हापासून गावाने माझ्याशी धड बोलणं टाकलंय.
बसप्पाच पुढे झाला. "सण झाल्यावर या की डाक्टर. बैल कुटं पळून जात्यात?" आपली जोडी दाखवली, चन्न्या आणि मल्ल्या. चन्न्या पांढराशुभ्र खिलार, शिंगं काचेने घासून तयार. मग ताक आणलं, वाटीभर शेंगा आणल्या. गफूर कानाशी लागला, "साब, आजच टोच डालते. बारिश का क्या भरोसा." मी त्याला गप्प केलं. पाऊस लांबलाय, आठ-पंधरा दिवसांनी काय बिघडतं.
रजिस्टरला लिहिलं: पशुपालक गैरहजर.

२० जून, मंगळ.
हिचा वटपौर्णिमेचा उपास, मी चिंचोळीत सणाची होळगी, म्हणजे पुरणपोळी, खाऊन. बसप्पाचं मुद्दाम आमंत्रण होतं. वेशीत कर, म्हणजे कडुलिंबाच्या पाल्याची दोरी, आडवी बांधलेली, ती पहिल्यांदा कोणता बैल तोडतो त्यावर पीक ठरतं. चन्न्याने तोडली. पांढरा बैल, म्हणजे यंदा ज्वारी. बसप्पाने मलाही गुलाल फासला, कानडीत काहीतरी ओरडला, लोक हसले. मागच्या सालचा राग सगळ्यांचा गेलेला दिसला. खूप बरं वाटलं.
पळून दमलेली जनावरं एकाच ओढ्यावर पाण्याला लागली. साठ-सत्तर असतील. मी काठावर गुलालाने माखलेला उभा. परतताना पाऊस आला, एसटीत शिरेपर्यंत चिंब.

२३ जून, शुक्र.
चिंचोळी टोचून झाली. चिखल फार. या खेपेला सगळे आपण होऊन आले. चन्न्याची शिंगं बसप्पाने स्वतः धरली.

२७ जून, मंगळ.
कुलूप काढायला गेलो तर बसप्पा दवाखान्याच्या पायरीवर. पहिल्या एसटीने आलेला. "चन्न्याचा गळा सुजलाय. घोरतोय." आणखी काही सांगायची गरज नव्हती. लस टोचून चारच दिवस, ती अजून मुरलेली नाही.
शिरेत द्यायच्या सल्फाच्या बाटल्या कपाटात तीन. मागणी एप्रिलपासून कचेरीत पडून.
पोचेपर्यंत चन्न्या गेला होता. जीभ बाहेर, शिंगांना अजून सणाचा रंग. मल्ल्या उभा होता, ताप एकशे सहा, गळ्यावर दोन ताजे डाग. पहाटे निघण्याआधी बसप्पाने दोघांना डागलं. मल्ल्याला एक बाटली दिली.
गावात फिरलो तेव्हा दिसलं, आजारी जनावरं ओढ्यापलीकडे बांधलेली, ओढ्यावर कुणी येत नव्हतं, विहिरीचं पाणी बादलीने पाजत होते. कुणी सांगितलं विचारलं. बसप्पाने, काल संध्याकाळी. हे मी सांगायचं असतं.

२८ जून, बुध.
आणखी चार. एक गाभण गाय. गफूरने चुना आणला, पुरायला तोच उभा राहिला. नऊ तारखेला मी त्याला गप्प केलं त्याबद्दल चकार शब्द नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

३० जून, शुक्र.
साथ थांबली असं दिसतंय. मल्ल्या खायला लागला. गाव म्हणतं डागाने वाचला. मी म्हणतो सल्फाने. म्हणजे मनात म्हणतो.
रजिस्टर उघडलं. ९ जून, पशुपालक गैरहजर. सगळे हजर होते. माझ्या समोर बसून शेंगा फोडत होते. पाऊस लांबलाय हेही कारण नव्हतं. मला त्या गावात पुन्हा वाईट व्हायचं नव्हतं, एवढंच. पाच जनावरं गेली. झोप नाही, जेवण गोड लागत नाही. हिने विचारलं तर पित्त म्हणून सांगितलं.

११ जुलै, मंगळ.
दिल्लीचं पत्र, पुण्यामार्गे. नवव्या प्रश्नाचं माझं उत्तर समितीला फार उपयोगी वाटलं. पुढच्या महिन्यात पुण्याला साक्षीला यावं. उदाहरणातल्या इसमाच्या नाव-गावाला सहीनिशी दुजोरा वीस तारखेपर्यंत पोचावा, अहवालात छापायचं आहे. साहेबांनी बोलावून पाठ थोपटली. सोलापूरचं नाव दिल्लीत गेलं म्हणाले.
आजवर हेच हवं होतं मला. पत्र खणात ठेवलं.

१४ जुलै, शुक्र.
बसप्पा मल्ल्याला घेऊन आला. एवढं अंतर चालवत, दोन मुक्काम करून. गळ्यावरचे डाग चिघळलेले, आत अळ्या. गफूरने बैल धरला, मी एकेक अळी चिमट्याने काढली. तासभर लागला. तेवढा वेळ बसप्पा बैलाच्या कपाळावर हात ठेवून उभा. जखम धुताना मल्ल्या थरथरला तेव्हा त्याने मान दुसरीकडे वळवली.
पट्टी झाल्यावर मी त्याला सांगून टाकलं. दिल्लीत कायदा होतोय, डाग देणाऱ्याला शिक्षा व्हावी असं मी लिहिलंय आणि तुझं नाव दिलंय. न सांगता पुण्याला जाणं जमलं नसतं.
त्याने पट्टीची कड चाचपून पाहिली. मग म्हणाला, "लिवलं ते खरंच हाय की. डागलं मीच. आमच्या आज्जानं शिकिवलं तेवडंच मला येतंय."
मी म्हटलं, आणि लस?
"लस सण झाल्यावर टोचा, ते बी मीच म्हनलो हुतो." माझ्याकडे सरळ बघत होता, आवाजात राग नव्हता. "पन मी अडानी मानूस. तुमी डाक्टर हाय. माजं आयकायला नको हुतं तुमी."
मलमाची डबी त्याच्या हातात दिली, दिवसातून दोनदा लाव म्हटलं. दावं धरून गेला. एका बैलावर पेरणी व्हायची नाही, कुणाच्या तरी बैलाशी सावड बघावी लागेल, एवढं जाताना गफूरशी बोलला.

१५ जुलै, शनि.
सकाळपासून दुजोऱ्याचं पत्र लिहितोय. चार कागद फाडले. डाग वाईटच. कालच्या त्या अळ्या पाहिल्यावर त्यात एक अक्षर मागे घेणार नाही. कायदा व्हायलाच हवा. पण डाग देणाऱ्याला कैद, आणि लस पेटीत असताना परत नेणाऱ्याला? पंधरा प्रश्न पुन्हा वाचले. ते कुणी विचारलेलं नाही.
रजिस्टरमधली ९ जूनची ओळ लाल शाईने खोडली, खाली खरं लिहिलं, सही केली. साहेब सोमवारी बघतील.
पाचवा कागद समोर आहे. उदाहरण क्रमांक एक, बसप्पा, मु. चिंचोळी. त्याच्याखाली उदाहरण क्रमांक दोन, माझं नाव, हुद्दा, सोलापूर. एकावर रेघ मारायची तर दुसरं एकटं ठेवता येत नाही. दोन्ही ठेवली तर बसप्पा छापला जाणारच. दोन्ही काढली तर नववा प्रश्न रिकामा, आणि मल्ल्याचा गळाही त्याच्याबरोबर गेला.
टपाल साडेचारला निघतं. सव्वातीन झालेत. गफूर खळीची वाटी घेऊन दोनदा दारात येऊन गेला, पाकीट बंद करायचं का विचारत. म्हटलं, थांब जरा.