जावळाची लोकर

पुणे,
१० नोव्हेंबर २०२४

ती. मायला रागिणीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं आबा आपल्या मनाचं सांगतात, म्हणून पत्रच बरं. मी खुशाल आहे. स्टुडिओत नंदिता मॅडम आता मला कापड बेतू देतात. आधी नुसते टाके उसवायला बसवायच्या. इथल्या फॅशनचं वारं रोज बदलतं बघ. मागच्या वर्षी सगळ्यांना चकचकीत हवं होतं, यंदा खरखरीत, हातानं केलेलं, रंग न दिलेलं हवंय. आबांच्या खांद्यावर असते तसली घोंगडी परवाच्या प्रदर्शनात काचेच्या कपाटात ठेवली होती. लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते, मला हसू आवरेना.

आता काम सांगते. मी मॅडमना जावळाबद्दल बोलले, कोकरांची पहिली लोकर किती मऊ असते ते. त्या खुर्चीतून उठल्याच. फेब्रुवारीत मुंबईला त्यांचा मोठा शो आहे, त्यात त्यांना जावळाचे कोट करायचेत. त्या मला किंवा दुसऱ्या एका मुलीला कायम ठेवणार आहेत. ही लोकर आणली तर मीच राहीन. पण ती डिसेंबरच्या मध्यापर्यंत हवी. आबांना तू विचार, तुझं ऐकतात.

दोघांची माया अशीच राहू द्या.
तुझी रागिणी

पुसेगाव, जि. हिंगोली
१९ नोव्हेंबर २०२४

चि. रागिणीस मायचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून तुझ्या शहराचं नवल वाटलं. मागं तू गुडघ्यावर फाटलेली पँट घालून आलीस, मी ती रफू केली, तर दिवसभर रडलीस. आता घोंगडी काचेत ठेवतात म्हणतेस. ठेवू देत.

आबांना विचारलं. जेवता जेवता हात थांबवला त्यांनी. म्हणाले की, पोरगी धनगराच्या घरची हाय का कुणाची? जावळ शिमगा झाल्यावर, ऊन तापल्यावर काढतेत. लोकरीला तेल असतंय, पाणी वरच्या वर निथळून जातंय. लेकरांच्या अंगावर तेवढंच एक पांघरूण, ते ऐन थंडीत काहून काढायचं? यंदा कोकरं बहुतेक माद्याच झाल्यात, पुढचा सगळा कळप त्यांच्यावरच उभा राहायचा आहे. आणि आबा ह्या महिन्यात मेंढरं घेऊन आखाडा बाळापूरकडे जाणार, उघड्या रानात बसवायला.

पण तुझं काम टिकावं असं मलाही वाटतं. पुन्हा एकदा विचारीन. वेळेवर जेवत जा.

तुझी वाट बघणारी
माय

पुणे,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. मायला सा. न.

आबांचं म्हणणं पटलं, म्हणून त्यावर उपाय काढलाय. सोबत गाठोडं पाठवते आहे. स्टुडिओत कापूस भरलेल्या कापडाचे तुकडे उरतात, त्यांचे मी कोकरांसाठी अंगरखे शिवलेत. पोटाखाली बंद बांधायचे. थंडी आत शिरणारच नाही. मॅडमनी त्यांचा व्हिडिओ टाकला तर लोकांनी डोक्यावर घेतला, मोठ्या मोठ्या डिझायनरांनी कौतुक केलं. आबांना म्हणावं, आपली कोकरं हिंगोली जिल्ह्यात सगळ्यात फॅशनेबल दिसतील!

माय, आता नाही म्हणू नका. दुसरी मुलगी राजस्थानातून लोकर मागवते आहे. इतकी वर्षं काढून मी रिकाम्या हातानं गावी आले तर लोक काय म्हणतील ते तुला ठाऊक आहे.

आशीर्वाद असू द्या.
रागिणी

पुसेगाव,
४ जानेवारी २०२५

चि. रागिणीस आशीर्वाद.

लोकर पोचल्याचं कळलं. आबांनी प्रत्येक कोकराच्या कपाळाला भंडारा लावला, मगच कातर धरली. म्हणाले की, पोरगी आपलीच हाय, तिनं विचार केलाच असंल.

मधे अवकाळी पाऊस झाला, गाराही पडल्या. आबा घरी आलेत, बरे आहेत. आबांचा कोकरांसोबत फोटो काढायला फोटोवाला पाठवणार म्हणतेस, ते टळणार नाही का? टळत नसेल तर पाठव. शेजारच्या सटवाजीभाऊंशी बोलून ठेवते. जास्त लिहवत नाही, हात दुखतो.

जिवाला जप.
माय

पुणे,
२० फेब्रुवारी २०२५

ती. माय आणि आबांना सा. न.

शो झाला! कोट अंधारातून उजेडात आले तेव्हा सगळे उठून उभे राहिले. मॅडमनी कपड्यांना नावच दिलंय, ‘जावळ’. मला कायम केलं, मंचावर हाताला धरून नेलं.

आबांचा फोटो मॅडमच्या दुकानात भिंतभर लावलाय. आजूबाजूला माझे अंगरखे घातलेली कोकरं आणि एक कडेवर. आबा हसले नाहीत, पण मॅडम म्हणतात तेच छान, चेहऱ्यावर केवढी शांतता आहे. येणारं प्रत्येक माणूस विचारतं, मी सांगते, हे माझे वडील.

पुढच्या हिवाळ्यासाठीही जावळ हवंय. मी आताच नवे अंगरखे शिवायला घेतलेत.

तुमच्या मायेची
रागिणी

पुसेगाव,
३ मार्च २०२५

चि. रागिणीस मायचे आशीर्वाद.

आबांनी शपथ घातली होती की, पोरीला कळू द्यायचं न्हाई. पण तू पुन्हा शिवायला बसलीस, आता गप्प राहणं माझ्यानं होत नाही.

पाऊस आला तेव्हा आबा बाळापूरच्या रानात होते. आडोसा नाही. तुझ्या अंगरख्यातला कापूस पाणी पिऊन जड झाला. कोकरं त्या ओझ्यानं चिखलात बसली ती उठेनात. बंद ओले होऊन आवळले, सुटेनात. आबांनी जावळाच्याच कातरीनं ते कापले. एकेका कोकराला छातीशी धरून चोळत बसले. निम्मी तिथंच गेली. उरलेली घरी आणली, ती खोकून खोकून गेली. थोरल्या मेंढ्या आहेत, पण आबा आता त्यांच्यामागं जात नाहीत. सटवाजीभाऊ नेतात.

फोटोतली कोकरं सटवाजीभाऊंची आहेत. फोटोवाल्याला अंगरखे घातलेलीच हवी होती. म्हणून मी ते चिखलाचे अंगरखे धुतले, कापलेले बंद पुन्हा शिवले आणि परक्या कोकरांना बांधले. आबांनी एक कडेवर घेतलं. फोटोवाला हसा हसा म्हणत होता.

मला तुझा फार राग आला होता, खोटं कशाला लिहू? माझाही आला, मीच त्यांना दुसऱ्यांदा विचारलं. आबांना मात्र तुझा राग नाही. ते रोज विचारतात की, पोरीचं काम पक्कं झालं ना? मी व्हय म्हणते. काम सोडू नकोस, पण एकदा येऊन त्यांच्याजवळ बस.

आणि ते अंगरखे शिवणं थांबव. अंगात घालायला इथं कुणी राहिलं नाही.

तुझीच
माय