साक्ष देण्याआधी

ताई,

डॉक्टरकडे जाऊन येते. सूप गॅसवर आहे, गरम करून घे.

प्रार्थनेनं धाकटीचं वजन उतरलं, रविवारी ती चर्चमध्ये सगळ्यांपुढे त्याची साक्ष देईल, असं तू पाळकांना परस्पर सांगून बसलीस. पण खरं सांगू? पथ्य मी केव्हाच गुंडाळून ठेवलंय. तुझी पाठ वळली की केकवर ताव मारते, तरी सैल झालेल्या स्कर्टला पिन लावावी लागते. प्रभूनं ऐकलं म्हणायचं, की मला काही झालंय? आभार मानायला डोळे मिटते आणि अर्ध्यातच उघडते. काही सुचेनासं झालंय.

आईला एवढ्यात काही सांगू नकोस. आणि मी परत येईपर्यंत, माझं वजन घटू दे अशी प्रार्थना तेवढी करू नकोस गं.

धाकटी