शेजारच्या खोलीतली यामिला

प्रिय आई,

‘प्रिय’ हाताच्या सवयीनं लिहिलं गेलंय, हुरळून जाऊ नकोस.

काल विद्यापीठात तुझं भाषण होतं, तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसले होते. पडद्यावर मेंदूचं चित्र. कुणावर किती विश्वास टाकावा हे वयात येताना हळूहळू कळतं, कपाळामागचा भाग तोवर पिकलेला नसतो, हे किती गोड आवाजात सांगितलंस! मग म्हणालीस, पलीकडे मैत्रीण खेळतेय असं आम्ही मुलांना सांगतो, खरं तर तिथं नुसता कॉम्प्युटर असतो. लोक हसले. तूही हसलीस.

दीड वर्षापूर्वी तुझ्या प्रयोगासाठी, मेंदू टिपणाऱ्या त्या बोगद्यासारख्या यंत्रात मला झोपवताना तू काय म्हणाली होतीस? "घाबरू नकोस राणी, शेजारच्या खोलीत आपली यामिलाच आहे." खेळात मी दिलेल्या एका सोंगटीच्या तिच्याकडे तीन व्हायच्या. त्यातल्या काही परत द्यायच्या की सगळ्या गिळायच्या, ही तिची मर्जी. तिनं सगळ्या गिळल्या. दर डावाला वाटायचं, आता तरी देईल. कसलं काय!

त्यानंतरच्या रविवारी समुद्राकाठच्या कठड्यावर तिनं नेहमीसारखा येर्बाच्या कडू चहानं भोपळ्याचा पेला भरून माझ्यापुढे धरला. मी प्यायले, परत दिला आणि ‘ग्रासियास’ म्हणाले. आपल्याकडे भोपळा परत देताना आभार मानले की बस, तुझ्या हातचं आता नको. तुला काय सांगायचं! तिचा चेहरा खर्रकन उतरला. "काय गं, माझं काय चुकलं?" मी फणकारले, "तुझं तुला माहीत." बालवाडीपासूनची मैत्रीण एका शब्दात तोडली आणि घरी येऊन तुझ्याच कुशीत रडले. तू केस कुरवाळत राहिलीस. अगं, तेव्हा तरी बोलायचंस! दातखीळ बसली होती का? मला तुझा राग येतो, आई. किळस येते.

आता फ्रिजवर चिठ्ठी लावलीयेस, शनिवारी प्रयोगाची दुसरी फेरी, वेळेवर ये. मी येणार नाही. माझा मेंदू कच्चा असेल, पण तो माझा आहे. तू शनिवारी यामिलाच्या घरी जा आणि स्वतःच्या तोंडानं खरं सांग. मी आज सकाळीच सांगून आले. तिनं दार अर्धवट उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लाज नाही वाटत, रोमिना? स्वतःचं झाकायला आईवर ढकलतेस? नोर्मामावशी असं कधी करणारच नाही."

‘तुझीच’ म्हणवत नाही,
रोमिना