कड्यावरची शीळ

धनगरवस्ती, पासली
२ सप्टेंबर

ती. शेफालीताईस,
आरतीचा स. न. वि. वि.

वस्तीवर रेंज नाही, म्हणून पत्र दुधाच्या टेम्पोवाल्या पप्पूच्या हाती देते. तू लेकीला, शिवानीला घेऊन पक्षी बघायला येतेस म्हटल्यावर आबा लई खूश आहेत. भाचीचं कौतुक काय विचारू नकोस! तुझा तो शीळकरी कस्तूर कड्यापाशी रोज गातो, पण दिसेलच याची हमी मी देणार नाही.

एक मात्र जपायचं. इथं धुकं उतरलं की हाताला हात दिसत नाही. कुणी चुकलं तर आम्ही शीळ घालतो. शीळ ऐकू आली तरी लगेच निघायचं नाही, आपण उलटी शीळ द्यायची आणि तिकडून उत्तर आलं तरच पाऊल उचलायचं. तुला शीळ येत नाही, ठाऊक आहे. पोरींनी शीळ घालू नये म्हणून आत्या रागवायची ना? ये, आबा शिकवतील.

माया आहेच, ती वाढावी.
तुझी आरती

वरवे बुद्रुक
१६ सप्टेंबर

चि. आरतीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. निघताना सांगायचं राहिलं, ते आता लिहिते.

सर्पगरुड दिसला, शिंजीर दिसले, कस्तूर तेवढा हुलकावण्या देत राहिला. शेवटच्या सकाळी त्याच्यासाठी शिवानीला घेऊन कड्याकडे गेले आणि धुक्यानं गाठलं. तेवढ्यात शीळ आली. मला मामाच वाटले. उलटी शीळ मला येत नव्हती. तुझा नियम सोडून मी नुसती आवाजामागे चालत राहिले. मग पायाजवळच्या दगडावरून काहीतरी काळंनिळं उडालं, आणि तीच शीळ समोरच्या पोकळीतून आली. मामा हवेत कसे उभे राहतील? शिवानीला ओढून मी खाली बसले. तिच्या पायाखालचा खडा घरंगळला, तो पडल्याचा आवाज आलाच नाही.

ज्याच्यासाठी आले त्याचाच आवाज भीतीपोटी मला ओळखू आला नाही. थोड्या वेळानं पाठीमागून खरी शीळ आली, तेव्हा मी शिवानीच्या तोंडावर हात ठेवून गप्प राहिले. मामांनी खांद्याला हात लावला तेव्हा कुठे ते खरे वाटले. अजून रस्त्यानं कुणी शीळ घातली की पोर मला बिलगते.

मामा-मामींना नमस्कार. आम्हाला विसरू नका.
तुझी ताई

धनगरवस्ती, पासली
२५ सप्टेंबर

ती. ताईस,
स. न. वि. वि.

लिहू की नको असं झालं होतं. आबांनी त्या दिवसापासून शीळ घातलेली नाही. शेळ्या माळावर वाट बघत थांबतात आणि हे ओरडून ओरडून घसा बसवून घेतात. त्या धुक्यात त्यांच्या शिळेला तुझी साधी हाकही येईना तेव्हा त्यांना वाटलं, तुम्ही दोघी कड्याखाली गेलात. आईनं विचारलं तर म्हणाले की शीळ ओठावर आली की कडाच पुढ्यात येतो, मला न्हाई जमायचं. आबांना असं घाबरलेलं मी कधी पाहिलं नाही. मलाच भीती वाटते, ताई.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी आरती

वरवे बुद्रुक
३ ऑक्टोबर

चि. आरतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती उठून अंगणात गेली, दोन बोटं दुमडली आणि अशी शीळ घातली की शेजारचे बाहेर आले! तुमच्याच वस्तीवरची लेक ती, लग्नानंतर शीळ घालणं सोडलं होतं म्हणाली. शिवानी आधी दचकली, मग आजीच्या मांडीवर बसून शिकली. मलाही आता जमते, थोडी फाटकी येते.

रविवारी आम्ही तिघी येतोय. भीती गेलेली नाही. वस्तीच्या खालच्या वळणावर थांबून मी शीळ घालीन. मामांना सांग, त्यांचं उत्तर आल्याशिवाय मी एक पाऊल पुढं टाकणार नाही.

बाकी भेटीत.
तुझी ताई