कोपऱ्यात काही ठेवायचं नाही

६ जानेवारी २०२५, सोमवार

मेडिकलची नोटीस लागली! डेपोच्या फळ्यावर सात नावं, तिसरं माझं — नागसेन खोब्रागडे, चालक. तारीख २८. बीपी, साखर, डोळे. बीपी-साखरेचं काही नाही, भीती डोळ्यांची. गेल्या वर्षी दोघांच्या हातून स्टेअरिंग गेलं. एक आता टायरच्या शेडमध्ये, दुसरा गेटवर स्टुलावर बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितो. मी त्याच्याकडे बघायचं टाळतो.

सव्वीस वर्षं झाली. एक अपघात नाही, एक खरचटलेला माणूस नाही. स्टेअरिंग सुटलं तर मी कोण? मला दुसरं काही येतच नाही.

येतं म्हणजे — लिनक्स येतं थोडं. पण हे कोणाला सांगायचं! लेक हर्षा पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप माझ्या गळ्यात मारून गेली. त्याला विंडोज झेपत नव्हतं म्हणून तिनंच त्याच्या जागी लिनक्स घालून दिलं. आधी नुसता पेपर वाचायचो. मग कळलं की यात सगळं आपल्या मनासारखं करता येतं. स्क्रीनवरची पट्टी हलवा, पट्टी उडवा, रंग बदला. तेव्हापासून ड्यूटीवरून आलो की हातपाय धुऊन याच्यापुढे. हे लिहिणंही यातच. आशा म्हणते, "सवत आनली पोरीनं माझ्यासाठी."

८ जानेवारी

खालची पट्टी काढून टाकली. बरं वाटलं! घड्याळ उजव्या कोपऱ्यात असायचं, शोधत बसावं लागायचं. आता बटण दाबलं की मधोमध दिसतं. सूचनांचे चौकोन वर कुठेतरी यायचे, कधी येतात कधी जातात पत्ता लागायचा नाही. तेही बंद. कोपऱ्यात काही ठेवायचंच नाही. लागतं ते समोर पाहिजे.

गाडीतही माझं हेच. स्पीडचा काटा, डिझेल, ब्रेकच्या हवेचा काटा — बस. माझा कंडक्टर हेमराज याच्या उलट. त्याला केबिनमध्ये हार, झालर, पंखा, वर लाल दिवा, सगळं हवं. मी काचेवर लिंबू-मिरचीसुद्धा टिकू देत नाही. तो म्हणतो, "भाऊ, तुमची गाडी म्हंजे सरकारी दवाखाना."

मेडिकलला वीस दिवस. झोप नीट नाही.

११ जानेवारी, शनिवार

आज एक मजाच झाली. मजा म्हणावी का, माहीत नाही.

धानोऱ्याहून परत येताना, चिचपल्लीच्या पुढे जंगलात, गाडीत एकदम गलका — "वाघ! वाघ! थांबवा!" मी ब्रेक मारला. सगळे डावीकडच्या खिडक्यांवर. रस्त्याच्या कडेला, गाडीपासून दहा हातांवर बसला होता म्हणे, आरामात. एक बाई म्हणाली, अंगावरचे पट्टे मोजता आले असते. मी मान वळवेपर्यंत झाडीत गेला.

पन्नास माणसांनी पाहिला. सगळ्यांत पुढे, सगळ्यांत मोठ्या काचेमागे मी बसलेलो — आणि मलाच नाही दिसला! हेमराज धानोऱ्याच्या गाडीवाल्यांना फोन करकरून सांगत होता, "आमच्या भाऊवर वाघ रुसला!" मीही हसलो. मी रस्ता बघतो, वाघ नाही. ड्रायव्हरचं ते कामच आहे.

१३ जानेवारी

डोळ्यांच्या डॉक्टरकडं असतो तसा अक्षरांचा तक्ता स्क्रीनवर बनवला. वर मोठं अक्षर, खाली लहान लहान होत जाणारं. लॅपटॉप कपाटावर ठेवला, वीस फूट मोजून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. एक डोळा झाकून वाचलं, मग दुसरा. आशा कपाटाशी उभी राहून तपासत होती.

शेवटची ओळसुद्धा वाचली! दोन्ही डोळ्यांनी! आशा म्हणाली, "मले जवळून दिसून नाई राह्यलं ते तुमी तेथून वाचता." दोन भाकरी जास्त खाल्ल्या. उगाच मरत होतो इतके दिवस.

१५ जानेवारी

सावली गावाच्या अलीकडे एक सायकलवाला डावीकडून एकदम पुढ्यात आला. कुठून आला कोण जाणे. कचकन ब्रेक. मी त्याला खिडकीतून खूप बोललो. तो म्हणे, "मी केव्हाचा बाजूनं चालून राह्यलो, भाऊ!" खोटारडा.

१६ जानेवारी

लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर माझ्या स्क्रीनचा फोटो टाकला. काळी पाटी, मधोमध एक खिडकी, बाकी शून्य. लोक खूश! एकानं लिहिलं — काका, एवढा साफ डेस्कटॉप आमच्यानं होत नाही, काही ना काही चिकटवायचा मोह होतोच. मी लिहिलं, मोह आवरावा लागतो. दिवसभर छाती फुगलेली.

१९ जानेवारी, रविवार

हर्षाचा फोन. ती पुण्यातून माझ्या स्क्रीनवर येते, मला तिचा बाण फिरताना दिसतो. "बाबा, हे काय रिकामं गोदाम करून ठेवलं! थोडं तर सजवू द्या." मी म्हटलं, कर, उद्या काढीन. तिनं खाली उड्या मारणारी चित्रं बसवली, हवामान बसवलं, मेमरी किती खर्च झाली त्याचा काटा बसवला. आमची नेहमीची भांडणं — ती लावते, मी काढतो. पोर दूर गेल्यापासून भांडायला हा एकच विषय राहिला आहे, म्हणून मलाही ते आवडतं.

मग म्हणाली, "वर उजव्या कोपऱ्यात पाहा, तुमच्यासाठी घड्याळ लावलं. लाल. मोठं."

मी म्हटलं, नाही तिथे काही.

"बाबा, मले इथून दिसून राह्यलं."

"नाई बेटा, नाई आलं इकडे."

"समोरच पाहून राह्यले का? मान वळवा जरा."

मान वळवली. होतं. लाल. मुठीएवढं.

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "डाव्या कोपऱ्यात काय हाय, न वळता सांगा." मला सांगता आलं नाही. उद्या काहीतरी पाठवते म्हणाली आणि फोन ठेवला.

२० जानेवारी

हर्षानं एक छोटा प्रोग्रॅम पाठवला. स्क्रीनच्या वीतभर जवळ बसायचं. एक डोळा झाकायचा. मध्ये अधिकची खूण, नजर तिच्यावरून हलवायची नाही. इकडे तिकडे ठिपके उजळतात, दिसला की स्पेस दाबायचा. शेवटी एक चित्र तयार होतं — दिसले ते ठिपके पांढरे, सुटले ते काळे.

माझं चित्र: मध्ये वाटीएवढा पांढरा गोल. भोवती सगळं काळं.

दुसरा डोळा. तेच.

प्रोग्रॅममध्ये गडबड असणार म्हणून आशाला बसवलं. ती वैतागत बसली, कणकेचा हात तसाच. टक टक टक टक दाबत राहिली. तिचं चित्र सगळं पांढरं. चारदोन काळे असतील. म्हणाली, "झालं का? सोप्पं तर हाय!" आणि पोळ्या लाटायला गेली.

मी तिला माझं चित्र दाखवलं नाही.

२१ जानेवारी

म्हणजे मोह मी आवरला नव्हता. कोपरे मला दिसतच नव्हते.

२४ जानेवारी, शुक्रवार

हर्षा रोज फोन करते. "बाबा, ही खेळण्यातली टेस्ट हाय, पण डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. आजच जा." मी म्हणतो, २८ होऊ दे. "काऊन?" का म्हणजे काय! डॉक्टरनं कागदावर काही लिहून दिलं तर तो कागद घेऊन मी मेडिकलला कसा उभा राहू? आधी पास होतो, मग बघू. हे तिला सांगितलं नाही. तिला कळलं असावं. म्हणाली, "मग तोवर रजा टाका." रजा टाकली असती तर हेमराजनं विचारलं असतं, आशानं विचारलं असतं. नाही टाकली. उजवीकडे डावीकडे मान फिरवत चालवतो आहे. संध्याकाळी मानेला शेक.

घड्याळ काढलेलं नाही. काळी पाटी परत आणावीशी वाटत नाही. चित्रं उड्या मारतात, मारू देत. मान वळवून एकेक बघतो — हवामान आहे, काटा आहे, घड्याळ आहे. आहेत सगळे.

२८ जानेवारी, मंगळवार

फिट!

भिंतीवर तक्ता, वीस फुटांवर खुर्ची. शेवटची ओळ घडघडा वाचली. रंग ओळखले. मॅडम म्हणाल्या, "या वयात चष्म्याशिवाय, छान." शिक्का. पाच मिनिटं लागली. कोपऱ्यातलं कोणी विचारलंच नाही, आणि मी सांगितलं नाही. तोंडात शब्द आला होता. मागे रांग होती, गिळला.

हेमराजनं कँटीनमध्ये सगळ्यांना समोसे दिले. गेटवरच्या स्टुलावाल्यानंही माझा हात हातात घेतला, "वाचला बे नागसेन तू." माझा समोसा मी त्यालाच दिला. घरी आशानं खीर केली. हर्षाला फोन केला नाही. तिचे चार येऊन गेले.

२९ जानेवारी

आजचं लिहून ठेवतो.

सकाळची धानोरा गाडी. मूल गावच्या स्टँडवर माणसं चढली, हेमराजनं डबल बेल दिली, मी डावीकडच्या आरशात पाहिलं, समोर पाहिलं, क्लच सोडला. गाडी हातभर सरकली — आणि बेल! एक बेल, मग लागोपाठ पाच-सहा, आणि हेमराजची आरोळी, "भाऊ, दाबा! दाबा!"

मी ब्रेक दाबला.

बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याशी एक म्हातारी. डोक्यावर गाठोडं, बोटाला नात. गाडीच्या समोरून चालल्या होत्या. पत्र्याचं आणि पोरीचं अंतर एवढंसं. म्हातारीनं बॉनेटवर थाप मारली. "आंधळा हाय का बे तू?"

गाडीतली माणसं हसली. तिनं आणखी दोन शिव्या घातल्या आणि नातीला ओढत गेली. नात वळून वळून माझ्याकडे बघत होती. लाल स्वेटर होता तिचा. एवढा लाल. मला दिसला नाही.

हेमराज केबिनजवळ आला, हळूच म्हणाला, "भाऊ, दिसली नाई का?" खिशात फिटचा कागद होता. मी म्हटलं, ऊन आलं डोळ्यांवर. ऊन पाठीमागे होतं. ते त्यालाही दिसत होतं.

उरलेला सगळा रस्ता वीसच्या स्पीडनं नेली. दोनदा शिव्या खाल्ल्या. धानोऱ्याला उतरून गाडीच्या चारी बाजूंनी फिरून आलो. परत येताना एकेक सायकल, एकेक बैल मोजत आलो. जे मोजले ते दिसलेले होते. न दिसलेले किती, कसं मोजणार? आणि सव्वीस वर्षांतली कोणती वर्षं मी असाच चालवत होतो? अपघात नाही म्हणून मिरवतो — तो सायकलवाला खरं बोलत होता.

आशाला माझ्या दोन्ही डोळ्यांची चित्रं दाखवली. तिनं खूप वेळ बघितली. म्हणाली, "हे काळं सगळं तुमाले नाई दिसत?" मग पदरानं स्क्रीन पुसला. डाग असेल तर जाईल म्हणून.

३० जानेवारी, गुरुवार

ड्यूटी घेतली नाही. गेलो सरळ डेपोच्या साहेबांकडे. फिटचा कागद ठेवला, शेजारी हर्षाच्या प्रोग्रॅमचं छापून आणलेलं चित्र ठेवलं. साहेब एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. "डॉक्टर फिट म्हन्ते, कॉम्प्युटर अनफिट म्हन्ते. मी कोनाचं आयकू?"

मी म्हटलं, "साहेब, माझं आयका. काल मूल स्टँडवर एक पोरगी मरता मरता वाचली. गाडी दुसऱ्याले द्या."

"नागसेन, लिहून दिलं तर परत नाई मिळत स्टेअरिंग. समजून राह्यला ना?"

समजलं होतं. लिहून दिलं. अक्षर चांगलं आलं. बाहेर आलो तर धानोरा गाडी दुसराच कोणी काढत होता, गिअर रगडत. हेमराज दारात उभा. त्यानं हात केला नाही, नुसता बघत राहिला. घरी येऊन रडलो. आशासमोर रडलो, पहिल्यांदा.

४ फेब्रुवारी

डोळ्याच्या डॉक्टरकडे. काचबिंदू. दुखत नाही, कळत नाही, कडेकडेनं खात येतो. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी सांभाळायचं. मी सगळं तयारीनं ऐकलं. मग त्यांनी विचारलं, "मुलं किती?"

एकच. मुलगी.

"किती वर्षांची? हा घराण्यात उतरतो. तिचे डोळे या आठवड्यात तपासून घ्या."

गेट, स्टूल, स्टेअरिंग — काही आठवलं नाही. दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला. हर्षा हसली. "बाबा, मले काय झालं? मले तर सगळं चांगलं दिसून राह्यलं."

मी म्हटलं, "मलेही दिसूनच राह्यलं होतं, बेटा."