हाताला लागलेला ताप

तळेगाव दाभाडे, माळावरून
गुरुवार, डिसेंबर १९१७

प्रिय शालू,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. पोस्ट आता गावात नाही, स्टेशनाजवळ तंबूत हलवलंय. टपालवाला माळावरच्या झोपड्यांमधून नावं पुकारत फिरतो. माझं नाव त्यानं असं काही पुकारलं की मणियाराच्या पोरीला लोणावळ्याहून पत्र आलं हे सगळ्या माळाला कळलं. पत्र वाचून पहिलं मनात आलं ते सांगते. बाई, तू अजून तशीच तापट आहेस. रविवारच्या गाडीनं एकटी निघणार म्हणे, सातव्या महिन्यात, घरात कुणाला न विचारता, आणि आईला समोर उभी करून जाब विचारणार. शालू, येऊ नकोस. एवढं वाचून तू पत्र मिटून ठेवावंस आणि घरी बसावंस, अशी माझी फार इच्छा आहे. पण कारण कळल्याशिवाय तू कुणाचं ऐकलंस असं शाळेत असल्यापासून एकदाही झालेलं नाही. म्हणून सगळं लिहिते. भिंतीला टेकून, नीट बसून वाच.

तू लिहितेस की तुझ्या भावानं, सोपाननं, येऊन आईचा निरोप सांगितला, डोहाळजेवण इथं होणार नाही, लग्न झालेल्या लेकीनं सारखे माहेराकडे डोळे लावू नयेत. हे आपल्या आईचे शब्दच नव्हेत, असं काय केलं मी, असंही विचारतेस. त्या निरोपाचं सांगते, पण शेवटी. आधी गावाचं सांगितलं नाही तर ते तुला समजायचं नाही.

दिवाळीच्या आसपास खालच्या आळीत उंदीर पडायला लागले. पुढं काय होतं ते आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पुण्यात पूर्वी परकी माणसं घरात शिरून बायकांना रस्त्यावर उभं करून तपासायची, त्या गोष्टी आपल्या दोघींच्या आयांनी आपल्याला किती वेळा सांगितल्या असतील. तसं पुन्हा होऊ नये म्हणून मुनसिपालटीनं यंदा दवंडी पिटवली की गावातल्याच लोकांनी पुढं येऊन प्लेगची कमिटी चालवावी. पगार नाही, मान नाही, शिव्या मात्र हव्या तेवढ्या. पहिल्याच दिवशी नावं द्यायला कोण गेलं असेल? तुझे वडील आणि माझे अब्बा, दोघं बरोबर. कोंडाजीकाका पुढं आणि अब्बा मागं, लग्नाला निघाल्यासारखे. मी अब्बांना मुनसिपालटीचे जावई म्हणून चिडवलं, तर ते म्हणाले, आपल्या आयाबायांच्या घरात परक्यानं पाय ठेवण्यापेक्षा आपण ठेवलेला बरा.

कमिटीचे नियम सोपे होते. घरात उंदीर पडला की लगेच कळवायचं. मग ती सबंध आळी माळावर झोपड्यांत न्यायची, घरांची कौलं उतरवून आत ऊन सोडायचं. ज्याला ताप आणि गाठ असेल त्याला तळ्यापलीकडच्या आजाऱ्यांच्या छपरीत ठेवायचं. अब्बांनी पहिल्याच बैठकीत एक अट घातली. म्हणाले, मणियार बांगड्या भरताना बाईचा हात धरतो. दिराला तोंड न दाखवणारी बाईसुद्धा त्याच्यापुढं हात करते आणि बांगड्या भरून झाल्या की त्याला भाऊ म्हणून नमस्कार करते. त्या हातावरून मला जे कळेल ते मी कमिटीत सांगणार नाही, बाकी सांगाल ते काम करीन. तेव्हा त्यांच्या बाजूनं बोलले ते कोंडाजीकाकाच. म्हणाले, मेहबूबभाऊचं बरोबर आहे, नाहीतर उद्या बाया हातच पुढं करायच्या नाहीत.

काकांनी काम केलं, ते मात्र मनापासून, हे तुला सांगायलाच हवं. कुणी उंदीर लपवला तर ते दारात बसून राहायचे, घर रिकामं होईपर्यंत उठायचे नाहीत. म्हाताऱ्या माणसांना त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेऊन माळावर आणलं. लोक त्यांना भ्यायचे आणि मागून नावंही ठेवायचे. तुमची आळी तेवढी शिल्लक राहिली होती. तिथं उंदीर पडला नव्हता, असं सगळे समजत होते.

एके दिवशी तुझ्या आईनं, अंबूमावशीनं, अब्बांना बोलावणं धाडलं. लेक डोहाळजेवणाला यायची आहे, त्याआधी माझे हात भरून जा म्हणाली. मी टोपली घेऊन बरोबर गेले होते. ओसरीवर मावशी बसली होती. हसली, मला विचारलं, तुझ्या मैत्रिणीला कोणता हिरवा रंग आवडतो ग. पण डावा हात ती अंगापासून दूर धरून बसली होती, काखेत काही ठेवल्यासारखा. अब्बांनी तो हात हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बांगड्या भरल्या, अगदी सावकाश, एकही न फोडता. मावशीनं नमस्कार केला तेव्हा त्यांनी नेहमीसारखा आशीर्वाद दिला नाही. उठले आणि मागं गोठ्यात काकांकडे गेले. मी मागोमाग गेले.

अब्बांनी सरळ विचारलं तेव्हा काकांनी नाकारलं नाही. उंदीर कणगीखाली पडला होता, तो त्यांनी स्वतःच्या हातानं उकिरड्यात पुरला होता. मावशीला ताप चढला तेव्हा ते समजून चुकले होते. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे मावशीला छपरीत न्यायचं नाही. दुसरी म्हणजे सोपानला पाठवून तुला घेऊन यायचं, म्हणजे मावशीला तू एकदा दिसशील. त्यासाठी आळीत उंदीर पडल्याचं बाहेर कळायला नको होतं. कळलं असतं तर तुझ्या सासरच्यांनी तुला धाडलीच नसती. अब्बा म्हणाले, पोटुशी पोर या घरात आणलीत तर मी आत्ता उठून कमिटीत सांगतो. मग काका रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "पोरीला न्हाई बोलावत. पर हिला तरी हिच्या घरात मरू द्या, मेहबूबभाऊ. हातातलं हातातच ठेवा. तुमीच म्हनला व्हता."

आणि अब्बांनी मान डोलावली. स्वतःचाच शब्द त्यांच्यापुढं आला होता. घरी येताना मी रस्ताभर भांडले. म्हटलं, लीलाबाईची आणि त्यांची भिंत एकच आहे, उंदीर काय भिंत बघून फिरतात? तिचा नवरा बजरंग बसऱ्याकडे लढाईवर गेलाय, घरात ती आणि तिची लहानगी नंदा, दोघीच. अब्बा म्हणाले, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे, मग आळी आपोआप रिकामी होईल. मला त्यांचा तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही. सकाळी त्यांच्या ताटात भाकरी वाढताना येतो आणि त्यांची वाकलेली पाठ बघून रडूही येतं. दोन्ही एकदम कसं येतं, मला कळत नाही.

ते दोन-चार दिवस संपायच्या आत नंदाला ताप भरला. तुला ती आठवते की नाही ठाऊक नाही, तुझ्या लग्नात रांगत होती. आता अब्बांच्या मागं मागं फिरून फुटलेल्या बांगड्यांच्या काचा गोळा करायची. लीलाबाईनं कमिटीला स्वतः कळवलं, लपवलं नाही. त्या दिवशी अब्बा बैठकीत उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं, मावशीचा हात, उकिरड्यातला उंदीर, गोठ्यात दिलेला शब्द, सगळं. काका तिथंच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. संध्याकाळच्या आत तुमची आळी माळावर आली. मावशीला बाजेवर घालून छपरीत न्यायचं होतं, तर बाजेला खांदा द्यायला कुणी पुढं येईना. शेवटी एका बाजूला सोपान आणि दुसऱ्या बाजूला अब्बा. ज्यासाठी एवढं झाकलं तेसुद्धा साधलं नाही.

कमिटीनं दोघांचीही नावं काढून टाकली. छपरीत बायकांना पाणी पाजायला बाईमाणूस मिळत नव्हतं, तेव्हा मी माझं नाव दिलं. अम्मा म्हणाली, तुला कोण करून घेईल आता. मी म्हटलं, आधी जगू तर दे. तेव्हापासून मी छपरीत जाते. येताना कपडे उकळत्या पाण्यात टाकते आणि लस टोचून घेतली आहे, तेव्हा माझी काळजी करू नकोस. मन खंबीर करायला लागतं, एवढंच. नंदाला मी मांडीवर घेऊन बसले होते. ती बरी होईल असं मला शेवटच्या सकाळपर्यंत वाटत होतं.

तिला पोहोचवून आल्यावर लीलाबाई आमच्या झोपडीपुढं येऊन उभी राहिली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. अब्बा भाकरी खात होते. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाली, "भाऊ, माजा बी हात तुमीच धरत आलाय. शेजारी काय हाय, ते मला एका शब्दानं का न्हाई सांगितलं?" अब्बांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. ती आपल्या झोपडीत निघून गेली. त्या दिवसापासून अब्बांनी टोपलीला हात लावलेला नाही आणि कुठल्या बाईनं त्यांना बोलावलेलंही नाही. कमिटीत नसूनही ते रोज गावात जातात, रिकाम्या घरांवर चढून कौलं उतरवतात. या वयात. कुणी चढा म्हणत नाही आणि कुणी उतरा म्हणत नाही. काकांची झोपडी आमच्यापासून हाकेवर आहे, पण दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतात. चाळीस वर्षांची मैत्री, शालू. मला दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटतं.

आता तो निरोप. अब्बांना शब्द देऊनही काकांचं मन राहिलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सोपानला तुला आणायला निघ म्हणून सांगितलं होतं. ते मावशीला आतून ऐकू गेलं. तिनं सोपानला हळूच बोलावून घेतलं आणि आपला वेगळा निरोप दिला, तोच तुला मिळाला. हे तिनं मला छपरीत सांगितलं, बोलायला फार त्रास होत होता तरी सांगितलं. "ग्वाड बोलले आसते तर ती धावत आली आसती. म्हनून टोचंल आसं सांगाया लावलं. माजी लेक रुसली म्हंजी तितंच बसंल, आन तितं बसली तर जगंल." तुझा राग किती दिवस टिकतो ते तिला माहीत होतं, शालू, पण तो तुला गाडीत बसवेल हे तिच्या ध्यानात आलं नाही. अंबूमावशी सोमवारी सकाळी गेली. मी जवळ होते, पाणी मी पाजलं, तोंडात तुझंच नाव होतं. तू बाळंत होईपर्यंत तुला कळू द्यायचं नाही असं काकांनी सगळ्यांकडून वचन घेतलंय, तुझ्या मारुतीरावांकडूनसुद्धा. माझ्याकडे आले तेव्हा मी दिलं नाही. तू रविवारी उतरली असतीस, छप्पर नसलेल्या आळीत आईला हाका मारत फिरली असतीस, तिच्यावर रागावलेली, आणि ते मला सहन झालं नसतं. येऊ नकोस. सासूबाईंना जवळ बोलाव, जाहिदानं सगळं सांगितलं म्हणून सांग आणि मोठ्यानं रड.

शिव्या द्यायच्या तर मला दे, तरीही तुझीच,
जाहिदा